दोन माद्या, आठ अंडी

खोली बघायला गेले त्या दिवशी बाईंनी मला घरमालक जे विचारतात त्यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. नाव नाही, गाव नाही, आडनावावरून जात काढणं नाही. गच्चीच्या दारात उभ्या राहून त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कादंबरीचा शेवट आधी वाचता का?"

"नाही," मी म्हणाले.

"कधीच नाही?"

"एकदा वाचला होता. जीव राहीना म्हणून."

"खरं बोलता. या राहायला."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नारायणगावच्या पेठेत बाईंच्या भावाचं कापडाचं दुकान होतं. खाली दुकान, मधल्या मजल्यावर भावाचा संसार, आणि वर गच्चीला लागून दोन खोल्या, एक बाईंची आणि एक भाड्याची. चार पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेलं हे जैन घर आता बोलण्याचालण्यात पुरतं इथलं झालं होतं. बाईंनी लग्न केलं नव्हतं. तालुक्यातल्या शाळेत जीवशास्त्र शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि गावच्या वाचनालयाचं काम फुकट बघत होत्या. भाऊ त्यांना 'जीजी' म्हणे, बाकी सगळं गाव 'बाई' म्हणे. मीही बाईच म्हणत आले.

मी मूळची घोडेगावच्या बाजूची. खोडदला त्या आभाळाकडे तोंड करून बसलेल्या मोठमोठ्या अँटेना आहेत ना, तिथे मी तंत्रज्ञ म्हणून लागले होते. बाईंना त्याची फार गंमत वाटायची.

"तुमच्या दुर्बिणीतून दिसतं काय?"

"दिसत काहीच नाही बाई. आकाशातून येणाऱ्या लहरी पकडतो आम्ही. ऐकल्यासारखं."

"मग तो कान झाला. दुर्बीण माझ्याकडे आहे," असं म्हणून त्या आपली दुर्बीण दाखवायच्या. तिची एक काच तडकलेली होती आणि पट्ट्याच्या जागी साडीचा काठ शिवलेला होता.

चार महिन्यांनी मी विचारलं, माझी मैत्रीण शैला माझ्याबरोबर राहायला आली तर चालेल का. शैला इथल्याच एका दवाखान्यात नर्स होती. आम्ही मैत्रिणी आहोत असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. ते खोटं नव्हतं, अपुरं होतं. बाईंनी शैलालाही तोच प्रश्न विचारला. शैला म्हणाली, "मी शेवटच आधी वाचते. कुणी मरणार असेल तर पुस्तकच घेत नाही. दिवसभर ड्यूटीवर तेच बघते, घरी येऊन परत कशाला?"

मला वाटलं, गेली खोली. बाई म्हणाल्या, "ह्यांचं कारण रास्त आहे."

बाईंचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. पांढरी सुती साडी, पायात शाळेतल्या पोरांचे पी.टी.चे कॅनव्हासचे बूट, खांद्याला उकळलेल्या पाण्याची बाटली आणि हातात काळी छत्री. त्या छत्रीला त्यांनी स्वतः कात्रीने रुपयाएवढं भोक पाडलं होतं. येडगाव धरणाच्या काठावर ती उघडून त्या मागे बसायच्या आणि भोकाला दुर्बीण लावायच्या. "पाखराला छत्री दिसते, बाई दिसत नाही," असं त्यांचं म्हणणं. पावसाळ्यात तीच छत्री घेऊन बाजारात निघाल्या की बरोबर नाकावर धार लागायची. दुसरी छत्री घ्या म्हटलं तर म्हणायच्या, "पावसाला एक छत्री, पाखरांना एक, एवढा संसार मला झेपायचा नाही."

घरात कांदा, बटाटा, लसूण काहीच चालत नव्हतं. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं. अंडं हा शब्दसुद्धा त्या घरात कुणी मोठ्याने उच्चारत नसे. आणि बाई धरणावरून आल्या की जिन्यातूनच ओरडायच्या, "आज तीन झाली गं अंडी!" दुकानात लग्नाची खरेदी करायला बसलेली माणसं दचकायची. शेठ, म्हणजे त्यांचे भाऊ, हातातल्या कापडावरून नजर न उचलता सांगायचे, "जीजी मोजते फक्त."

शाळेतल्या त्यांच्या शिकवण्याचं एक वाक्य सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध होतं: "आधी बघा, मग नवल करा." कुणीही काही अचाट सांगितलं की बाई विचारायच्या, "बघितलंस का?" नाही म्हटलं की संपलं, पुढचं ऐकून घ्यायच्या नाहीत.

आणि त्यांची वही. लांबोडकी, लाल कापडी बांधणीची. शैलाने एकदा विचारलं तेव्हा त्यांनी ती सहज पुढे केली. प्रत्येक पानाच्या मधोमध रेघ होती. डावीकडे मथळा 'तलाव', उजवीकडे 'पुस्तक'. डाव्या बाजूला, दोन नर किंवा दोन माद्या जोडीने राहताना जिथे जिथे दिसल्या त्याची नोंद: पक्षी कोणता, जागा कोणती, काय करत होते, पुढे काय झालं. उजव्या बाजूला, कादंबऱ्यांतून आणि दिवाळी अंकांतल्या कथांतून जिथे जिथे दोन बायका किंवा दोन पुरुष एकमेकांना जीव लावतात असं बाईंना दिसलं, तिथलं पान आणि पुढे काय झालं ते. लेखकाने उघड लिहिलेलं असो की आडून.

डावीकडे 'पुढे काय'च्या खाली लिहिलेलं असायचं: घरटं केलं. अंडी उबवली. पुढच्या साली पुन्हा तिथेच.

उजवीकडे: विहीर. लग्न. क्षय. वेड. संन्यास. विहीर. विहीर.

शैलाने ते पान दोनदा वाचलं आणि वही मिटली. मला म्हणाली, "म्हणून मी शेवट आधी वाचते."

त्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी बरंच मागे हटलं होतं. एका रविवारी बाई आम्हा दोघींना घेऊन गेल्या. उघड्या पडलेल्या गाळात लोक काकडी, भाजी करतात, तसा बबनचा तुकडा होता. बबन चाळिशीचा शेतकरी, बाईंचा जुना विद्यार्थी. आम्ही पोचलो तर त्याने लांबूनच रामराम घातला आणि आम्हाला सांगून टाकलं, "बाईंनी मला नववीत नापास केलं व्हतं."

"तू बेडकाला शेपूट काढलं होतंस," बाई म्हणाल्या.

"लहान बेडूक व्हता वो तो."

बाईंनी छत्री रोवली आणि मला भोकातून बघायला लावलं. पाण्याच्या कडेला चिखलाच्या उंचवट्यावर दोन शेकाटे होते. काळ्यापांढऱ्या अंगाचे आणि लांबलचक गुलाबी पायांचे हे पक्षी इथे प्रत्येक पाणथळीवर दिसतात. एक बसला होता, एक राखण करत उभा होता.

"पाठीचा रंग सांगा," बाई म्हणाल्या.

"तपकिरी."

"कुणाचा?"

"दोघांचाही."

"नराची पाठ काळी कुळकुळीत असते, मादीची तपकिरी. ह्या दोघी आहेत. आता बसलेली उठेल तेव्हा अंडी मोजा."

उभी होती ती पाण्यात गेली, पोट ओलं करून आली आणि दुसरीला बाजूला सारून अंड्यांवर बसली. उन्हात अंडी तापू नयेत म्हणून ते असं करतात. त्या मधल्या क्षणात मी मोजली. सात मोजली. शैलाने पुढच्या पाळीला आठ मोजली. तिचं बरोबर होतं.

"एका घरट्यात चार असतात," बाई म्हणाल्या. "आठ, म्हणजे दोघींनी घातली."

बबन खुरपं घेऊन आमच्या मागे येऊन बसला होता. "दोनी माद्याच? मंग नर कुठंय?"

"नर नाही."

"आसं कसं बाई? कामाला गेला आसंल."

"दोन आठवडे बघते आहे. कामाला गेलेला परत येतो."

"आन् अंडी? तशी उबत्यात व्हय?"

"काही उबतील, काही नाही. मध्ये एखादा नर येऊन गेला असेल."

बबनने बराच वेळ त्या पाखरांकडे पाहिलं. मग म्हणाला, "आमच्या दोन आत्त्या आशाच राहायच्या. येक नात्यातली, येक नुसती गावातली. चांगलं चाललं व्हतं त्यांचं. म्हस व्हती, कोंबड्या व्हत्या."

"बघ," बाई म्हणाल्या, "बघितलं की नवल कमी होतं."

दुसऱ्या दिवशी बबनने घरट्याभोवती लांबून बाभळीच्या फांद्या टाकल्या. गुरं आणि कुत्री तिकडे फिरकू नयेत म्हणून.

अजून आठवडा गेला असेल. बबन सायकल दामटत दुकानात आला आणि जिन्याखालून ओरडला, "बाई, वरच्या धरणातनं पाणी सोडलंय!" उन्हाळ्यात असं पाणी सोडतात, कालव्यांसाठी. येडगावची पातळी चढते आणि गाळातली पिकं कधी कधी बुडतात. बाई तशाच निघाल्या. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. शैला सकाळची ड्यूटी संपवून गणवेशातच आली.

पाणी हळूहळू सरकत होतं. काठी रोवून बघितलं की कळायचं. घरट्यापासून चार हात, मग तीन हात. बबन घमेलं घेऊन आला. "उचलून वर ठिवतो बाई. अलगद."

"हात लावायचा नाही. हात लावलास की सोडून जातील."

"मंग बुडू द्यायचं?"

बाईंनी छत्री मिटली, पुन्हा उघडली. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग पाखरांनी काम सुरू केलं. एक बसून राहिली, दुसरी खडे आणू लागली. एक एक खडा, काडी, चिखलाचं ढेकूळ. बसलेली जरा उठायची, आलेलं सामान चोचीने अंड्यांखाली सरकवायची, पुन्हा बसायची. मग पाळी बदलायची. घरटं वर चढत होतं, पाणीही चढत होतं. शैला माझा दंड धरून उभी होती, तिची नखं रुतलेली मला नंतर कळली.

बबनला राहवेना. त्याने फावडं घेतलं आणि पाण्याच्या बाजूने, घरट्यापासून थोडं लांब, चिखलाचा बांध घालायला सुरुवात केली.

"बबन! ढवळाढवळ करतोयस तू!" बाई कडाडल्या.

"मी माझ्या काकडीला बांध घालतोय बाई. तुमची पाखरं मधी आली त्याला मी काय करू?"

बाईंनी तोंड फिरवलं. वही काढली आणि लिहिलं. मी मागून वाचलं: 'शेतकऱ्याने काकडीसाठी बांध घातला.' मग त्यांनी बूट काढले, पदर खोचला आणि बबनला चिखल द्यायला गेल्या. त्यांच्यामागे आम्हीही गेलो. ती काकडी आमच्या पाठीमागे पन्नास पावलं लांब होती.

उन्हं कलायला लागली तेव्हा पाणी बांधाला टेकून थांबलं. दुसऱ्या दिवशी उतरलं. पुढे काही दिवसांनी आठपैकी तीन अंडी उबून फुटली. कापसाच्या बोळ्यासारखी, ठिपकेवाली तीन पिल्लं जन्मल्या दिवशीच चिखलात पळायला लागली आणि दोन्ही आया डोक्यावर घिरट्या घालून 'किप् किप्' करत सगळ्या धरणाला दम देत सुटल्या. बबनने विचारलं, "बारसं कवा घालायचं?" बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

त्या दिवशी परत येताना बाई आमच्या पुढे चालत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "तुम्हा दोघींना मी वहीत कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नाही. उगीच काळजी करू नका."

आम्ही दोघी एकदम थांबलो. बाई तशाच चालत राहिल्या.

त्या तीन पिल्लांनी बाईंचा धीर मात्र भलताच वाढवला. डावा रकाना त्यांना बदलायचा नव्हता. उजवा बदलायला त्यांनी सुरुवात केली. वाचनालयात त्यांच्या दृष्टीने चुकीचा शेवट असलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्या एक चिठ्ठी चिकटवू लागल्या. सुवाच्य, शाळामास्तरणीच्या अक्षरात. एक मला पाठ आहे: 'लेखकाने घाई केली आहे. ती विहिरीवर पोचली तेव्हा दुसरी आधीच काठावर येऊन बसली होती. दोघी जरा वेळ भांडल्या. मग घरी गेल्या. वाटेत वांगी घेतली.'

क्षयाने मरणाऱ्या एका नायिकेसाठी बाईंनी शैलाचा सल्ला घेतला. त्या चिठ्ठीत औषधं किती महिने, चुकवायची का नाहीत, हे सगळं नीट लिहिलेलं होतं, आणि खाली: 'ती बरी झाली. मैत्रिणीने दूध-केळी दिली.'

हे कधीतरी उघडकीला येणारच होतं. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तक्रार केली: लेखकाचा अपमान, पुस्तकाची विटंबना, आणि गावातल्या मुलींवर होणारा परिणाम. वाचनालयाचे अध्यक्ष होते खुद्द शेठ. त्यांनी सभा बोलावली. बाईंना काढून टाकायचं असं बरेच जण ठरवूनच आले होते. मी आणि शैला मागच्या बाकावर बसलो होतो. तक्रार चिठ्ठ्यांबद्दल असली तरी ऐकताना सगळं आमच्याबद्दलच चाललंय असं वाटत होतं.

"जीजी," शेठ म्हणाले, "ह्या चिठ्ठ्या तूच लावल्यास?"

"मीच. एकही पान फाडलं नाही. जोडलंय फक्त."

"पण का?"

बाईंनी लाल वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली. "डावीकडे मी वीस वर्षं डोळ्यांनी बघितलेलं आहे. दोन माद्या एकत्र राहिल्या म्हणून आजवर एकही पाखरू विहिरीत पडलेलं नाही. उजवीकडे एकही जोडी जगलेली नाही. ह्यातली एक बाजू कुणीतरी न बघता लिहिली आहे. कोणती ते तुम्ही ठरवा."

मुख्याध्यापक म्हणाले, "पाखरं आणि माणसं ह्यात फरक असतो, बाई."

"असतो. पाखरं दुसऱ्याच्या घरट्यावर सभा घेत नाहीत."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. शेठ हसले नाहीत. ते वहीची पानं उलटत होते आणि मध्येच थांबून बहिणीकडे बघत होते, जणू तिला प्रथमच बघत असावेत. शेवटी म्हणाले, "चिठ्ठ्या पुस्तकांतून काढायच्या. पण टाकायच्या नाहीत. आमच्या धंद्यात तुकडा कुणी टाकत नाही. एका कोऱ्या वहीत लावा आणि तिला नंबर देऊन कपाटात ठेवा. ज्याला वाचायचं तो वाचेल." आणि बाईंचं काम? "ते जीजीच बघेल. दुसरं फुकट कोण बघतंय?"

ती तुकड्यांची वही वाचनालयात कधी जागेवर दिसली नाही. गावातल्या बायका ती एकमेकींकडून परस्पर न्यायच्या. एकदा ती परत आली तर शेवटच्या पानांवर दोन नवीन शेवट लिहिलेले होते, अक्षर अनोळखी. बाईंनी शुद्धलेखनाच्या तीन चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि वही पुन्हा कपाटात ठेवली.

बाई गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारपणापर्यंत धरणावर जात होत्या. बबन त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून न्यायचा आणि रस्ताभर बेडकावरून भांडायचा. शैला आणि मी आजही एकत्र आहोत. जुन्नरला, लेण्याद्रीच्या रस्त्याला आमचं लहानसं घर आहे.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही. सभेनंतरच्या हिवाळ्यात माझी आई नारायणगावला आली होती. माझ्यासाठी अवसरीचं स्थळ घेऊन. मुलाची बागायती होती, घर चांगलं होतं, आणि येत्या रविवारी ते लोक मला बघायला येणार होते. आई खोलीत आली. तिने जोडून ठेवलेल्या दोन खाटा पाहिल्या, एकाच खुंटीवरचे दोघींचे कपडे पाहिले, आणि तशीच गच्चीवर गेली. तिथे बाई मूग निवडत बसल्या होत्या. मी खोलीत चहा टाकला होता. दार अर्धवट उघडं होतं.

आई म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या. येक इचारते, खरं सांगा. ह्या दोघींचं काय हाय?"

मला वाटलं, आता छत्री निघणार, वही निघणार, शेकाटे निघणार. तसलं काहीच निघालं नाही. बाईंनी मुगातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"माझी एक मैत्रीण होती," त्या म्हणाल्या. "आमच्या शाळेत चित्रकला शिकवायची. सात वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. मग तिचं लग्न ठरलं. लग्नाचा बस्ता आमच्याच दुकानात बांधला. शालू मी निवडून दिला. जांभळा. तिला फार शोभला."

"मंग?"

"मग काही नाही. मुलंबाळं झाली तिला. चांगलं झालं."

"आन् तुमचं?"

"मी पाखरं बघायला लागले."

चहा उतू गेला. मी बघत राहिले, गॅस बंद करायचं सुचलं नाही. बाहेर आईने ताट आपल्याकडे ओढलं आणि मूग निवडायला लागली. अंधार पडायच्या आत सगळे मूग निवडून झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "मला फोन करायचाय. चला दोघी." पेठेच्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये ती शिरली. आत तिघींना जागा नव्हती, म्हणून शैला आणि मी दार धरून उभ्या राहिलो. आमच्या गावात शेजाऱ्यांकडे फोन होता. वडील येईपर्यंत आई रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाला दाबून उभी होती. फोनवर ती नेहमी ओरडायची, तशीच ओरडली.

"आवं, आयतवारी पावण्यांना येऊ नका म्हणावं. न्हाई, न्हाई, आजारी बिजारी काय न्हाई. चांगली हाय. हितं करमतंय तिला."

पलीकडून वडील काहीतरी विचारत होते. आईने दारातल्या आम्हा दोघींकडे पाहिलं. आधी माझ्याकडे, मग बराच वेळ शैलाकडे.

"एकटी कुठं हाय ती?" ती म्हणाली. "दोघी हायेत."